तोटी केवढी घ्यायची?

सहावी-सातवीच्या गणितात एक हौद असायचा. एक तोटी तो भरायची, दुसरी रिकामा करायची, आणि दोन्ही एकदम चालू ठेवणारा हा शहाणा माणूस आहे तरी कोण, असा प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाला पडायचा. गुरुजींनी त्याचं उत्तर कधी दिलं नाही. मला ते नोकरी लागल्यावर मिळालं. तो माणूस डीबीए असतो, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा.

बँकेचा किंवा शेअर बाजाराचा डेटाबेस कधी एकटा राहत नाही. दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरात त्याचं जुळं भावंड ठेवलेलं असतं. मूळ ठिकाणी झालेला प्रत्येक बदल आधी एका रोजनिशीत उतरतो. ओरॅकलवाले तिला रीडू म्हणतात, पोस्टग्रेसवाले वॉल म्हणतात, मायएसक्यूएलवाले बिनलॉग. ही रोजनिशी तारेवरून पलीकडे धाडायची आणि तिकडे जशीच्या तशी गिरवायची, की झालं रेप्लिकेशन. रोजनिशी भरते तो वेग ही एक तोटी, तार वाहून नेते तो वेग ही दुसरी, आणि मधे तुंबलेला माल म्हणजे हौद. हौद वाढायला लागला की ऑफिसात शब्द येतो ‘लॅग’, आणि रात्री दोनला फोन वाजतो.

म्हणजे प्रश्न सोपा आहे: दुसरी तोटी केवढ्या व्यासाची घ्यायची? त्याच्या उत्तरात मात्र कबुतरं येतात, खोदलेले रस्ते येतात आणि एक व्होल्व्हो गाडीही येते.

आठाचा घोळ

तार विकणारा बिटमध्ये बोलतो, डेटाबेस बाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट. त्यामुळे १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन घेतली की सेकंदाला १०० मेगाबाइट जातील असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती साडेबारा येतात. हसू नका. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत एका साहेबांनी ‘आपला रीडू सेकंदाला ४० एमबी आहे ना, मग ५० ची लाइन पुरे, वर दहा शिल्लक’ असं म्हणून सही केली होती. खरी गरज निघाली ३२० एमबीपीएसच्या वर. फाइलवर दोन्हीकडे ‘एमबी’च लिहिलेलं होतं, एका ठिकाणी बी मोठा, दुसरीकडे लहान. एवढ्या एका अक्षराच्या उंचीवर आमची दिवाळी गेली.

०.७ नावाचं तीर्थ

ओरॅकलच्या डेटा गार्ड या रेप्लिकेशनच्या सोयीसाठी एक सूत्र वर्षानुवर्षं सांगितलं जातं: सर्वांत गर्दीच्या वेळी सेकंदाला किती बाइट रीडू तयार होतो ते घ्या, ०.७ ने भागा, आठने गुणा, दहा लाखांनी भागा. हाती येतील तेवढे एमबीपीएस. सेकंदाला ५ मेगाबाइट रीडू असेल तर उत्तर साधारण ५७ एमबीपीएस.

हे ०.७ आलं कुठून? टीसीपी-आयपीच्या वेष्टणात ३० टक्के जातात असं धरलंय म्हणून. गंमत अशी की वेष्टण मोजलं तर इतकं जड नसतं. इथरनेटवर १,४६० बाइटचा माल पाठवायला तारेवर १,५३८ बाइटांची जागा लागते. म्हणजे जेमतेम ५ टक्के गाळा. मग उरलेले २५? ते पुन्हा पाठवावी लागणारी पाकिटं, शेजारून चाललेला बॅकअप, कुणीतरी मधेच सुरू केलेली फाइल कॉपी, आणि मुख्य म्हणजे सूत्र लिहिणाऱ्याची झोप. सासूबाई भात टाकताना चार मुठी जास्त टाकतात, तसं. पाहुणा येतोच.

सूत्रातला खरा शब्द ०.७ नाहीच. खरा शब्द आहे ‘सर्वांत गर्दीच्या वेळी’.

सरासरी बघून लोकल पकडणारे

दिवसभराचे प्रवासी भागिले दिवसभराच्या गाड्या, असा भागाकार करून कुणी मध्य रेल्वेवर डब्यांची संख्या ठरवली, तर सकाळी नऊला डोंबिवलीच्या फलाटावर त्याचं काय होईल? रेप्लिकेशनची लाइन मात्र लोक सर्रास अशीच ठरवतात.

एक मोठा आकडा घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला. ३१ दिवसांवर पसरले तर सेकंदाला साधारण साडेसात हजार. पण पहाटे तीनला कोण चहाचे दहा रुपये स्कॅन करतं? आणि त्याच महिन्यात २७ तारखेला गणपती आले होते. आदल्या संध्याकाळी फुलबाजारात उभं राहिलेल्याला सरासरी म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. साडेसात हजार हा आकडा खरा आहे, फक्त कुठल्याच विशिष्ट सेकंदाला तो लागू पडेल याचा भरवसा नाही.

डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक वाकडेपणा असतो. माणसांची गर्दी दिवसा असते, रोजनिशीची गर्दी बऱ्याचदा रात्री. ग्राहक झोपले की बँकेत ईओडी, म्हणजे दिवसअखेरचं काम, सुरू होतं, व्याजाची आकारणी होते, कुणीतरी इंडेक्स नव्यानं बांधायला लावतो, आणि दिवसभरात झाला नाही तेवढा रीडू दोन तासांत ओतला जातो.

ओरॅकलचा एडब्ल्यूआर रिपोर्ट मूळ सेटिंगमध्ये तासातासाने टिपण काढतो. आता समजा त्या तासातली ५ मिनिटं रीडू सेकंदाला ६० मेगाबाइटने धावला आणि उरलेली ५५ मिनिटं २ मेगाबाइटने रांगला. रिपोर्टात दिसेल ६.८. सूत्रात घाला, ७८ एमबीपीएस. सही, शिक्का, खरेदी. प्रत्यक्षात पाच मिनिटांत जवळजवळ १६ गिगाबाइट तुंबतात, आणि ते उपसायला उरलेली ५५ मिनिटं पूर्ण लागतात. तोवर पुढच्या तासाची पाच मिनिटं दारात उभी. रिपोर्ट खोटं बोलला नाही, गणित चुकलं नाही, आणि स्टँडबाय, म्हणजे पलीकडची प्रत, कायम उशिरा. त्या पाच मिनिटांना गाठायचं तर सूत्रानेच ६८६ एमबीपीएस मागितले असते.

मग ६८६ घ्यायचे का? नेहमी नाही. अर्धा तास उशीर चालत असेल तर उगाच पैसे का घालवा? पण ‘किती उशीर चालेल’ हे आधी धंद्याच्या माणसाला विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘अजिबात नाही.’ मग त्याला लाइनचं कोटेशन दाखवायचं. मग तो विचार करून सांगतो.

आता खरा हौद

१०० एमबीपीएसची लाइन. नेहमीचा प्रवाह ८० चा. छान, वीस टक्के मोकळे, सगळे खूश. एके दिवशी लाइन दोन तास बंद पडते.

परत सुरू झाल्यावर स्टँडबाय किती वेळात बरोबरीला येईल? दोन तासांत, असं पटकन तोंडातून निघतं. चूक. नवा माल यायचा थांबलेला नाही, तो ८० ने येतोच आहे. तुंबलेलं उपसायला उरले फक्त २०. दोन तासांचं उपसायला आठ तास. नेहमीचा प्रवाह ९५ असता तर अडतीस. सकाळी दहाला पडलेली लाइन बाराला उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र उलटून दोन वाजतात तेव्हा कुठे लॅग शून्यावर येतो.

हे मी भर मीटिंगमध्ये फळ्यावर हौद काढून समजावलेलं आहे. त्यानंतर तिथल्या एका वरिष्ठांनी मला कायम ‘गुरुजी’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात आदर किती होता हे मला आजवर कळलेलं नाही.

एका ओळीचा पगारवाढीचा हुकूम

‘सगळ्यांचा पगार दहा टक्क्यांनी वाढवा.’ डेटाबेसच्या भाषेत ही पन्नास-साठ अक्षरांची एक ओळ. तक्त्यात दहा लाख कर्मचारी.

मायएसक्यूएल ही गोष्ट पलीकडे दोन तऱ्हांनी कळवू शकतं. एक, हुकूमच पाठवायचा: तुम्हीही तिकडे दहा टक्के वाढवा. तारेवर जवळजवळ काहीच ओझं पडत नाही. दोन, प्रत्येक माणसाची आधीची ओळ आणि नंतरची ओळ पाठवायची. ओळ २०० बाइटची धरली तर ४०० मेगाबाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर किमान ३२ सेकंद, तेही लाइन बाकी कुणी वापरत नसेल तर.

मग शहाणा माणूस हुकूमच पाठवेल ना? लोक तेच करत होते, आणि अधूनमधून मार खात होते. हुकमात ‘आत्ताची यादृच्छिक किल्ली टाका’ किंवा ‘कुठल्याही शंभर ओळी पुसा’ असं काही असलं, की इकडच्या शंभर ओळी वेगळ्या आणि तिकडच्या वेगळ्या. प्रत म्हणून ठेवलेलं भावंड हळूहळू भलत्याच वळणाचं निघायचं, तेही न सांगता. म्हणून ५.७.७ या आवृत्तीपासून मायएसक्यूएलने ओळीओळीची पद्धत मूळ सेटिंग केली. वजन वाढलं, भांडणं मिटली. त्यातही ‘बिनलॉग रो इमेज’ नावाची एक कळ आहे. ती ‘मिनिमल’वर ठेवली की पूर्ण ओळीऐवजी ओळखीपुरती किल्ली आणि बदललेले रकाने एवढंच जातं. चाळीस रकान्यांच्या तक्त्यात एकच रकाना बदलत असेल, तर नवी लाइन घेण्याआधी ही कळ दाबून बघावी. फुकट आहे.

वीस बाइटांसाठी अख्खं पान

पोस्टग्रेस माल ८ किलोबाइटच्या पानांत ठेवतं. पान डिस्कवर उतरत असताना मधेच वीज गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं पान उरू शकतं. म्हणून काळजी अशी घेतात: चेकपॉइंट, म्हणजे बदललेली पानं डिस्कवर उतरवण्याचा टप्पा, झाल्यानंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की बदल वीस बाइटचा असला तरी अख्खं पान वॉलमध्ये लिहायचं. वीस बाइटांना आठ हजार, म्हणजे चारशे पट. त्याच पानाला पुन्हा हात लागला तर मग फक्त बदल.

चेकपॉइंट मूळ सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी होतो. त्यामुळे पोस्टग्रेसच्या वॉलचा आलेख करवतीसारखा दिसतो: चेकपॉइंट झाला की उसळी, मग उतार, पुन्हा उसळी. पाचाची पंधरा मिनिटं केली तर उसळ्या कमी होतात आणि तारेवरचं ओझं कधी कधी लक्षात येण्याजोगं घटतं. किंमत एवढीच की सर्व्हर कोसळला तर उठायला जरा जास्त वेळ घेतो.

या वजनाची तक्रार सर्वांत गाजवली ती उबरने. २०१३ मध्ये त्यांनी मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेसशी संसार मांडला. जुलै २०१६ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी सविस्तर लेख लिहून सांगितलं की आम्ही परत मायएसक्यूएलकडे निघालो. कारणांच्या यादीत तारेवरचं ओझं ठळक होतं. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की तिची नवी आवृत्ती तयार होते, आणि तक्त्यावर बारा इंडेक्स असतील तर बाराही ठिकाणी नोंद होते. ही सगळी धुणीभांडी वॉलमधून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवावी लागत. एका खोलीत दोन सर्व्हर असताना ज्याचा पत्ताही लागत नाही, ते खंड ओलांडताना बिलात दिसतं. पोस्टग्रेसवाले यावर चिडले, त्यांनी आपली बाजूही मांडली, आणि २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत फक्त तार्किक बदल पाठवणारं रेप्लिकेशन मूळ पॅकेजातच आलं. माहेर-सासरचा हा वाद अजून मिटलेला नाही. मी दोन्हीकडे जेवलोय, त्यामुळे गप्प बसतो.

नॅनोसेकंदाची तार

अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर व्याख्यानाला जाताना तारेचे छोटे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. प्रत्येक तुकडा साधारण ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात वीज याहून लांब जाऊ शकत नाही, हे सेनापतींना हातात धरून कळावं म्हणून. काचेच्या तंतूत प्रकाश आणखी मंदावतो, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. तिथे तो तुकडा २० सेंटिमीटरचा कापावा लागला असता.

यातून एक पाठ करण्याजोगा हिशेब निघतो: दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारावर किलोमीटर, रस्त्याने तेराशेच्या वर. तार रस्त्याच्या कडेनेच जाते, म्हणजे १३ मिलिसेकंद कुठे गेले नाहीत. आता नियम असा केला की चेन्नईहून ‘पोचलं’ असा निरोप आल्याशिवाय मुंबईत ‘झालं’ म्हणायचं नाही, तर एकामागून एक पक्के होणारे व्यवहार, म्हणजे कमिट, सेकंदाला ७५ च्या आसपास अडकतात. लाइन १ जीबीपीएसची घ्या, १०० ची घ्या. प्रकाश लाच घेत नाही.

म्हणून शहाणी मंडळी दोन प्रती ठेवतात. जवळच्या शहरभागात एक, जिला प्रत्येक थेंब तत्काळ पोचतो. दूरच्या शहरात दुसरी, जी थोडी मागे राहिली तरी चालते. शेअर बाजारांसाठी सेबीचा दंडकच आहे: दूरची साइट शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात हवी, आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर लांब. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची मूळ साइट मुंबईत आणि दूरची चेन्नईत.

आणि मग येतो २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईने सगळे व्यवहार थांबवले. बाजार पुन्हा उघडला पावणेचारला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालला. नंतर एक्स्चेंजने खुलासा केला तो असा: मूळ साइट आणि जवळची साइट यांच्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार लाइन होत्या, दोन्हींकडे गडबड झाली, त्याच्या धक्क्याने माल साठवणारी स्टोरेज यंत्रणा प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली. एक थेंबही सांडू नये म्हणून बांधलेली जोडणीच मूळ ठिकाण घेऊन बसली. आणि लाइन का गेल्या? दोन साइटींमधल्या रस्त्यालगत चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. देशातल्या सर्वांत मोठ्या बाजाराच्या रेप्लिकेशनला मुंबईच्या रस्त्याने गाठलं. हे वाचून हळहळलेला मुंबईकर मला अजून भेटायचाय. सगळे म्हणाले, ‘मग? आमच्याकडे रोज पाणी जातं.’

खोदणाऱ्यांच्या बाबतीत आपण एकटे नाही. २०११ मध्ये जॉर्जियात एक ७५ वर्षांच्या आजीबाई भंगारात विकायला तांबं शोधत होत्या. फावडं भलत्या तारेला लागलं आणि शेजारच्या जवळजवळ अख्ख्या आर्मेनियाचं इंटरनेट काही तास बंद. काचेच्या तारेत तांबं निघालं नसणार, हे वेगळं.

रुंद रस्ता, एकच बैलगाडी

मुंबई-लंडन तारेने जाऊन-येऊन शंभरच्या वर मिलिसेकंद लागतात. मोठ्या थाटात १ जीबीपीएसची लाइन घेतली, चाचणी घेतली, आणि रेप्लिकेशनला मिळाले ५ एमबीपीएस. सेवा देणाऱ्याला फोन, शिव्या, तिकीट. त्याच्या बाजूने सगळं हिरवं.

बहुधा तो खरं बोलत असतो. टीसीपी पोचपावती न घेता किती माल वाटेवर ठेवील याला मर्यादा असते, तिला विंडो म्हणतात. जुन्या रचनेत ती ६४ किलोबाइटची. शंभर मिलिसेकंदांत एकदा ६४ किलोबाइट, म्हणजे सव्वापाच एमबीपीएस, मग रस्ता कितीही रुंद असो. ती लाइन भरून वाहायला १२.५ मेगाबाइट सतत वाटेवर हवेत. विंडो वाढवण्याची सोय १९९२ मध्येच ठरली. तरी मधलं एखादं जुनाट फायरवॉल किंवा कुणी ‘खबरदारी म्हणून’ बांधून ठेवलेलं बफर आजही एखाद्याचा आठवडा खातं.

यात पाकिटं हरवायला लागली तर आणखी मजा. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, शंभर मिलिसेकंदांच्या वाटेवर दहा हजारांत एक पाकीट हरवलं तर जुन्या पद्धतीचं टीसीपी एका जोडणीवर साधारण १४ एमबीपीएसपर्यंत जातं. शंभरात एक हरवलं तर दीडच्या खाली. लाइन घेताना रुंदी सगळे विचारतात. गळती किती, हे विचारणारा हजारात एक.

दाबून भरा, पण कुलूप लावायच्या आधी

रोजनिशी दाबली की चांगली दबते, त्यात त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. मायएसक्यूएलने ८.०.२० पासून बिनलॉगमधले व्यवहार दाबून ठेवायची सोय दिली, ओरॅकल आणि पोस्टग्रेसकडेही आपापले उपाय आहेत. मात्र आधी कूटबद्ध केलेला माल दबत नाही. आधी कूट आणि मग दाब असा क्रम लावून ‘कॉम्प्रेशनचा काही उपयोग नाही’ असा अहवाल लिहिणारे मी पाहिलेत. बॅगेला कुलूप लावून मग कपडे कोंबत होते बिचारे.

त्रेचाळीस सेकंद

२१ ऑक्टोबर २०१८. प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर एक बिघडलेलं ऑप्टिकल उपकरण बदलताना जोडणी ४३ सेकंद तुटली. आपली लोकलसुद्धा दोन स्टेशनांच्या मधे याहून जास्त वेळ उभी राहते. पण तेवढ्यात राखणदार सॉफ्टवेअरने ठरवलं की पूर्वेकडचा मुख्य डेटाबेस गेला, आणि पश्चिमेकडच्या प्रतीला गादीवर बसवलं. पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अशा उरल्या होत्या की ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये त्या भरल्या ९५४. आता पश्चिमेकडे नवे व्यवहार सुरू, पूर्वेकडे जुने शिल्लक, दोन्ही खरे. सगळं जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

त्याआधी ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेवर याहून बाका प्रसंग होता. स्पॅममुळे भार वाढला, प्रत मागे पडली, इतकी मागे की तिला हवी असलेली वॉलची पानं मूळ सर्व्हरने पुसूनही टाकली होती. हौद इतका भरला की भिंतच नाही उरली. आता प्रत नव्याने बांधायची. रात्री उशिरा दमलेल्या अभियंत्याने प्रतीचा रिकामा फोल्डर पुसायचा म्हणून हुकूम दिला, तो चुकून मूळ सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार शिल्लक. कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी काही लपवलं नाही; दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर केलं. आणि प्रक्षेपण लांबलंही भरपूर, कारण जिथून माल परत आणायचा होता त्या स्वस्तातल्या डिस्कना ६० एमबीपीएसच्या आसपास वेसण होती. परत आणायला साधारण १८ तास लागले. रोजच्या प्रवाहाची तोटी सगळे मोजतात. संकटात उलट्या दिशेने किती वाहील, ते त्या रात्री कळतं.

शिवनेरी, व्होल्व्हो आणि विन्स्टन

रोजनिशी पाठवण्याआधी पलीकडे एक पूर्ण प्रत न्यावी लागते. १ टेराबाइट, १०० एमबीपीएस, काहीही न गळता: २२ तास. ०.७ चं तीर्थ शिंपडलं तर ३२ च्या जवळ. १०० टेराबाइट असतील तर मुलाची बारावी होईल.

मग गाडी काढावी. दादरहून पुण्याच्या शिवनेरीत २० टेराबाइटच्या दहा डिस्क घेऊन बसा. घाटात कोंडी धरून चार तास. हिशेब करा: १११ जीबीपीएस. अशी लाइन विचारली तर विक्रेता खुर्ची पुसून देईल. खोच एवढीच की असली डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइटने भरते, म्हणजे भरायला बावीस तास आणि पलीकडे उतरवायला बावीस. १११ चे नऊ जीबीपीएस झाले. आणि त्या दोन दिवसांत मूळ डेटाबेस गप्प बसलेला नाही. सेकंदाला २ मेगाबाइट धरले तरी साडेतीनशे गिगाबाइट नवी रोजनिशी साठली. पुन्हा हौद.

अमेझॉनने हे २०१६ मध्ये खरंच केलं होतं. ४५ फुटी कंटेनर, आत १०० पेटाबाइट, नाव स्नोमोबाइल. कार्यक्रमात मंचावर ट्रकच आणून उभा केला. २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीचा हुकूम दिला आणि ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप निकामी निघाले. वाचवलं ते गेलिन ससमन यांच्या घरच्या संगणकाने. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि चित्रपटाची प्रत तिथे होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून व्होल्व्होच्या मागच्या सीटवर ठेवून, हळू गाडी चालवत स्टुडिओत आणला. इतक्या मायेने नेलेला डेटा दुसरा नसेल.

आणि विन्स्टन. सप्टेंबर २००९, दक्षिण आफ्रिका. डर्बनजवळच्या एका कंपनीने इंटरनेटच्या वेगाला कंटाळून एका कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटची मेमरी स्टिक बांधली. विन्स्टनने साधारण ८० किलोमीटर अंतर १ तास ८ मिनिटांत कापलं. माल उतरवून घेईपर्यंत एकूण २ तास ७ मिनिटं झाली. तेवढ्या वेळात तीच फाइल एडीएसएलवरून ४ टक्के पोचली होती.

कबुतरावर भिस्त ठेवायची तर गळतीचा आकडाही हाताशी असावा. १ एप्रिल १९९० ला थट्टेथट्टेत कबुतरांवरून इंटरनेटची पाकिटं पाठवण्याचा रीतसर मसुदा प्रसिद्ध झाला होता. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सप्रेमींनी तो गंभीरपणे अमलात आणला. नऊ पाकिटं सोडली, चारांचं उत्तर परत आलं. सर्वांत जलद फेरी ५३ मिनिटांची.